एका प्रवासात दोन सूर्योदय

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. दोन विमानतळांमधलं अंतर ठाऊक असेल, तर प्रवासाचे तास का काढता येत नाहीत? भागाकारच तर करायचा! त्यासाठी आज मी तुम्हाला पर्थ ते श्रीलंका या प्रवासाची गोष्ट सांगणार आहे. अंतर सरळ रेषेत सुमारे 5,650 किलोमीटर, सगळा हिंदी महासागर. आजच्या जेट विमानाला एवढ्या अंतराला साधारण सात तास लागतात. 1943 साली मात्र 27 ते 33 तास लागत.

15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडलं. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हा हवाई मार्ग तिथूनच जात होता, तो तुटला. पुढच्याच महिन्यात जपान्यांनी आपलं अंदमानही घेतलं. आता ऑस्ट्रेलियाची टपाल आणि माणसं लंडनला पोहोचवायची कशी? क्वांटास कंपनीने पाच कॅटलिना विमानं घेतली. ही पाण्यावर उतरणारी विमानं, त्यामुळे विमानतळ म्हणजे पाणीच: एका टोकाला पर्थची स्वान नदी, दुसऱ्या टोकाला गॉलजवळचं कोग्गला सरोवर. नंतर ही सेवा कराचीपर्यंत वाढवली गेली आणि तिथून पुढे लंडनला जाता येऊ लागलं.

वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास. जादा इंधनाच्या टाक्या बसवण्यासाठी विमानातलं थंडीपासून बचावाचं अस्तरसुद्धा काढून टाकलं होतं. एवढं करून प्रवासी किती? तीन! आणि टपाल 69 किलो. आपल्याकडच्या सहा आसनी रिक्षाला हसू येईल, पण त्या तिघांच्या जागी स्वतःला बसवून बघा. पहिल्या काही तासांत एक इंजिन बंद पडलं असतं, तर इंधनाने जड झालेलं विमान दुसऱ्या इंजिनावर हवेत टिकलं नसतं. जपानी गस्तीच्या टापूतून अंधारात पार व्हायचं, म्हणून निघण्याची वेळ त्या हिशेबाने ठरवलेली. रेडिओवर बोलायचं नाही. दिशा ताऱ्यांवरून काढायची, आणि विमानांची नावंही ताऱ्यांचीच: अल्टेअर, व्हेगा, रायगेल, अँटारेस, स्पायका. म्हणजे आपले श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा. वारा समोरून आला की तास वाढत. सर्वांत लांबलेला प्रवास 32 तास 9 मिनिटांचा झाला. नियमित प्रवासी सेवेतला सलग उड्डाणाचा इतका वेळ मला नंतर कुठे सापडत नाही.

वाटेत सूर्य दोनदा उगवायचा. म्हणून प्रवाशांना ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चं प्रमाणपत्र मिळे. मरणाच्या दारातही थट्टा सुचणारी माणसं मला फार आवडतात.

जुलै 1945 पर्यंत 271 फेऱ्या झाल्या, आणि एकही विमान गमावलं नाही. मधेच, 1944 मध्ये, लिबरेटर विमानं आली आणि तोच महासागर सुमारे 17 तासांत पार होऊ लागला. 2018 साली पर्थहून लंडनला थेट विमान सुरू झालं. अंतर 14,498 किलोमीटर, वेळ पुन्हा 17 तासांच्या आसपास.

त्या पाच कॅटलिनांचं काय झालं म्हणाल, तर युद्ध संपल्यावर करारातल्या अटींमुळे त्या ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडवल्या गेल्या.