केशभूषा, आफ्रिकी-अमेरिकी मुलींची

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आफ्रिकी वंशाच्या मुलींच्या केसांची निगा, रचना व त्यांविषयीच्या सौंदर्यकल्पना यांचा इतिहास त्या समाजाच्या गुलामगिरीपासून नागरी हक्कांपर्यंतच्या वाटचालीशी निगडित आहे. केस सरळ करावयाचे की निसर्गतः असतील तसे ठेवावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक आवडीचा वाटतो. तथापि शाळेतील प्रवेश, नोकरी आणि समाजातील मान यांवर त्याचा दीर्घकाळ परिणाम होत आला आहे.

केसांचे स्वरूप : आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांचे केस घट्ट कुरळे असतात. केसाचे मूळ त्वचेत वक्र असते व केसाचा छेद चपटा, लंबवर्तुळाकार असतो. त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव अशा वळणदार केसांच्या टोकापर्यंत सहज पोहोचत नाही. त्यामुळे केस कोरडे राहतात व विंचरताना वळणांच्या जागी तुटतात. तेल लावणे, केसांचे भाग पाडून रुंद दातांच्या फणीने ते उकलणे आणि वेण्या घालून ठेवणे या पारंपरिक पद्धतींमागे हे शारीरिक कारण आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पश्चिम आफ्रिकेतील योरुबा, वोलोफ, मेंडे इ. समाजांत केशरचनेवरून व्यक्तीचे वय, वैवाहिक स्थिती, कुल व प्रतिष्ठा यांचा बोध होत असे. सिएरा लिओनमधील मेंडे स्त्रियांच्या सांडे या संस्थेत मुलींना प्रौढत्वाची दीक्षा दिली जाते. त्या प्रसंगीच्या लाकडी मुखवट्यांवर कोरलेली गुंतागुंतीची केशरचना स्त्रीसौंदर्याच्या आदर्शाची निदर्शक मानली जाते. गुलामांच्या व्यापारात पकडलेल्या लोकांचे मुंडन करण्याची प्रथा होती. त्यामुळे ओळखीचे हे चिन्हच नष्ट होई. मळ्यांवर केसांची निगा राखण्यास साधने नव्हती व वेळही नव्हता. केवळ रविवारच्या सुटीत स्त्रिया एकमेकींचे व मुलींचे केस विंचरीत. डोक्याच्या त्वचेलगत रांगांनी घातलेल्या बारीक वेण्यांची आफ्रिकी पद्धत मात्र टिकून राहिली. मक्याच्या शेतातील ओळींसारख्या दिसतात म्हणून अमेरिकेत त्यांना ‘कॉर्नरो’ हे नाव मिळाले. स्पॅनिश अंमलाखालील लुइझिॲनात १७८६ मध्ये गव्हर्नर एस्तेबान मीरो यांनी स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांवर केस रुमालाने झाकण्याची सक्ती केली. या स्त्रियांनी रंगीत, उंची वस्त्रांचे रुमाल बांधून त्या निर्बंधाचेच भूषण बनविले.

सरळ केसांचा आदर्श : गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, तरी गौरवर्णीयांचे सौंदर्याचे मापदंड समाजात रुजलेले होते. सरळ केसांना ‘चांगले केस’ म्हणण्याचा प्रघात कृष्णवर्णीय कुटुंबांतही पडला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ॲनी टर्नबो मलोन व मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) या दोन कृष्णवर्णीय उद्योजिकांनी केश-प्रसाधनांचे मोठे व्यवसाय उभारले. वॉकर यांनी १९१० मध्ये इंडियानापोलिस येथे आपले केंद्र नेले व हजारो स्त्रियांना विक्रेत्या म्हणून शिकवून स्वतंत्र उपजीविका मिळवून दिली. शेगडीवर तापविलेल्या धातूच्या फणीने केस सरळ करणे हा पुढे घरोघरचा परिपाठ झाला. सणाच्या किंवा चर्चच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात आईपुढे कान दुमडून धरून बसणे, ही अनेक पिढ्यांतील मुलींची समान आठवण आहे. त्यानंतर दाहक सोडायुक्त रसायने प्रचारात आली. ती केसातील केराटीन या प्रथिनाचे गंधकबंध तोडून केस कायमचे सरळ करतात. नवीन उगवणारा केस मात्र कुरळाच असल्याने हा उपचार पुनःपुन्हा करावा लागतो.

या मापदंडांचा बालमनावरील परिणाम केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाला. त्यांनी ३ ते ७ वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे त्वचेचा व केसांचा रंग सोडल्यास सर्वस्वी सारख्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली ‘छान’ म्हणून निवडली. सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निर्णयात क्लार्क यांच्या संशोधनाचा निर्देश आहे.

नैसर्गिक केसांची चळवळ : २८ जानेवारी १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात केवळ नैसर्गिक केसांच्या कृष्णवर्णीय तरुणींचा वेशभूषा-प्रदर्शनाचा कार्यक्रम झाला. छायाचित्रकार क्वामे ब्रॅथवेट व त्यांचे सहकारी त्याचे संयोजक होते. ‘कृष्णवर्ण सुंदर आहे’ ही घोषणा या दशकात सर्वतोमुखी झाली. डोक्याभोवती वर्तुळाकार वाढविलेले ‘ॲफ्रो’ केस अँजेला डेव्हिस यांसारख्या कार्यकर्त्यांमुळे स्वाभिमानाचे प्रतीक बनले. १९८० नंतर मात्र रसायनांनी केस सरळ करण्याकडे पुन्हा कल वाढला. कृत्रिम केस जोडण्याचा व्यवसायही विस्तारला. त्यासाठी लागणाऱ्या मानवी केसांचा एक प्रमुख स्रोत भारत असून तिरुमलासारख्या देवस्थानांत भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होऊन ते परदेशी जातात.

कायदा व शाळा : १९७६ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने ॲफ्रो केसांमुळे झालेल्या अन्यायाची तक्रार वंशभेदाची तक्रार होऊ शकते, असे मानले. याउलट १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने एका विमान कंपनीची वेण्यांवरील बंदी वैध ठरविली. ॲफ्रो निसर्गदत्त, तर वेण्या कृत्रिम, असा भेद त्यामागे होता. केसांची निगा राखण्यासाठी वेण्या उपयुक्त असतात, ही बाब त्यात दुर्लक्षित राहिली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये ‘क्राउन’ कायदा करून केसांचा पोत, वेण्या, पीळ व जटांसारखे ‘लॉक्स’ यांवरून शाळांत व नोकरीत होणारा भेदभाव वंशभेदच ठरविला. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. संघीय विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले. सीनेटमध्ये ते संमत झाले नाही. या कायद्यांनाही मर्यादा आहेत : टेक्सस राज्यातील एका न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केसांच्या लांबीवरील शालेय निर्बंध तेथील क्राउन कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय दिला.

अन्य देशांतही हा प्रश्न आढळतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णविद्वेषी राजवटीत केसांत पेन्सिल अडकते की खाली पडते, यावरून व्यक्तीचा वंश ठरविला जाई. ऑगस्ट २०१६ मध्ये प्रिटोरिया येथील शाळकरी मुलींनी केसांविषयीच्या शालेय नियमांविरुद्ध निदर्शने केली. ब्रिटनच्या समता व मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळांना या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या.

आरोग्य व बालसाहित्य : घट्ट ओढलेल्या वेण्यांमुळे कपाळालगतचे केस गळतात, तर दाहक रसायनांमुळे त्वचा भाजते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ३३,९४७ अमेरिकन स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचा वयाच्या सत्तरीपर्यंतचा अंदाजित धोका ४·०५ टक्के, तर न वापरणाऱ्यांत १·६४ टक्के आढळला. यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नसला, तरी लहान वयापासून होणाऱ्या वापराविषयी चिंता वाढली आहे.

बेल हुक्स यांच्या १९९९ मधील हॅपी टू बी नॅपी या बालपुस्तकाने कुरळ्या केसांविषयीच्या हेटाळणीच्या शब्दालाच आनंदाचा अर्थ दिला. वडील आपल्या मुलीचे केस विंचरण्यास शिकतात, या विषयावरील हेअर लव्ह (२०१९) या लघुचित्रपटास २०२० मध्ये ऑस्कर पारितोषिक लाभले. आज अनेक कुटुंबांत मुलीला प्रथम आपल्या केसांचे स्वरूप व निगा समजावून सांगतात आणि सरळ करणे, वेण्या घालणे किंवा मोकळे सोडणे यांची निवड ती जाणती झाल्यावर तिच्यावर सोपवितात. नैसर्गिक केस ठेवण्याचीही सक्ती नसावी आणि ते ठेवल्याबद्दल मुलीला शाळेचे दार बंद होऊ नये, ही या दीर्घ संघर्षामागील मूळ भूमिका होय.