दोनशे रुपयांची ओळ

उमरखेडच्या एखाद्या नोकरदाराला तासाला 120 रुपये मिळतात असं धरू. दिवसाचे 8 तास, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे पगार झाला 24,960. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे 1,800 वजा केले की उरले 23,160. खाली आणखी एक बारीकशी ओळ असते: व्यवसाय कर, 200. हातात पडले 22,960. एवढ्या पगाराला आयकर लागत नाही. फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 कापतात, म्हणजे वर्षाचे 2,500. तासावर वाटले तर जेमतेम रुपया भरतो, म्हणून ही ओळ कुणी थांबून वाचत नाही. ती वाचायला हवी. तिच्यामागे दुष्काळ आहे.

1972 ला पाऊस गेला आणि महाराष्ट्रभर लाखो माणसं दुष्काळी कामांवर आली. खडी फोडायची, पाझर तलाव खोदायचे, मुलांच्या पोटात सुकडी घालायची. मुख्यमंत्री होते उमरखेडच्या शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिलेला प्रयोग आता राज्यभर आला: मागेल त्याला काम.

पण मजुरीला पैसा कुठला? 1 एप्रिल 1975 पासून व्यवसाय कर सुरू झाला, तो या रोजगार हमी योजनेसाठी. पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 ला लागू झाला. कराचं जेवढं उत्पन्न, तेवढीच भर राज्यानं घालायची, असं ठरलं. पगारदारानं दुष्काळात काम मागणाऱ्याची मजुरी उचलावी, इतका थेट विचार आपल्या कायद्यांत क्वचित सापडतो.

कामावरच्या मजुराचा हिशेब मात्र तासाचा नव्हता. माती खोदताना मधोमध एक खुंट न खोदता ठेवायचा. मोजणीला आलेला माणूस त्यावर टेप लावून खोली काढायचा आणि घनमापावर दाम ठरायचा. मुरूम लागला की दिवसभर राबूनही माप कमी भरे. दरपत्रकात कठीण जमिनीचा दर वेगळा असे, पण जमीन कठीण होती हे मोजणाऱ्यानं मान्य करायला हवं. काही काळ मजुरीचा एक भाग धान्याच्या कूपनांत मिळे. हजेरीपटावर अंगठा उठला तरी हातात काय पडेल, हे मोजणी होईपर्यंत कळत नसे.

2 फेब्रुवारी 2006 ला केंद्राची रोजगार हमी सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत उमरखेडचा यवतमाळ होता, पैनगंगेपलीकडचे नांदेड आणि हिंगोलीही होते. 2025-26 साली या कामाचा महाराष्ट्रातला दर होता दिवसाला 312 रुपये, 8 तासांनी भागले तर तासाला 39. त्यातून व्यवसाय कर कापला जात नाही. वर सुरुवातीला धरलेल्या पगारावर बाई असेल तर तिलाही तो लागत नाही: 2023 पासून महिलांना महिना 25,000 पर्यंत सूट आहे, म्हणजे तिच्या हातात पूर्ण 23,160 पडतात.