चौसष्ट बाइटांचा सातबारा

काळ्या पडद्यावर ‘इनव्हॅलिड पार्टिशन टेबल’ एवढी एकच ओळ उमटते आणि मशीन गप्प बसतं. डिस्क मेली, असं माणूस धरून चालतो. खरं तर तोवर तपासलेली असते फक्त एक खूण: पार्टिशनांच्या चार नोंदींपैकी चालू कोणती. एकीऐवजी दोन नोंदींवर ती खूण सापडली, तरी हाच निरोप येतो.

या चार नोंदी आल्या १९८३च्या मार्चमध्ये, आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर. दहा मेगाबाइटची डिस्क, सोबत डॉस २.०. डॉसशेजारी दुसरी एखादी ऑपरेटिंग सिस्टिमही नांदावी म्हणून हद्दी आखायची सोय केली. जागा मात्र पहिल्या सेक्टरातली, ५१२ बाइटांची. त्यातले ४४६ मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, शेवटचे दोन ‘५५ एए’ या शिक्क्याला. उरलेल्या ६४ बाइटांत सोळा-सोळाच्या चार ओळी. अख्ख्या डिस्कचा सातबारा एवढाच, आणि नक्कल कुठेच नाही. कुणी याला काटकसर म्हणेल. मी बेफिकिरी म्हणतो.

चार पुरेनात, तेव्हा १९८७मध्ये डॉस ३.३ने ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशन काढलं. त्याच्या पोटात साखळी: प्रत्येक कडीत पुढच्या कडीचा पत्ता. मधली कडी बिघडली की डी ड्राइव्ह शाबूत आणि ई, एफ गायब, हे कोडं तिथून सुरू झालं.

मग रामबाण म्हणून ‘एफडिस्क स्लॅश एमबीआर’ हे फर्मान गाजलं. ते फक्त प्रोग्रॅम नव्याने लिहितं, नोंदींना हात लावत नाही, असा लौकिक. पण मंकी नावाचा व्हायरस मूळ सेक्टर सांकेतिक करून दुसरीकडे लपवायचा. त्याला पुसलं की तो सेक्टर उलगडून दाखवणाराच जायचा, आणि सोबत ड्राइव्हही दिसेनासा व्हायचा.

खरा उपाय सापडला तो कागद सोडून शिवारात उतरल्यावर. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही. बांध जागेवर असतात. एफएटी३२ ही फाइल सिस्टिम आपल्या बूट सेक्टरची प्रत सहसा सहा सेक्टर पुढे ठेवते, एनटीएफएस पार्टिशनच्या अगदी टोकाला. फ्रान्सच्या क्रिस्तॉफ ग्रेनिए यांचं १९९८पासूनचं टेस्टडिस्क डिस्क चाळत हेच बांध शोधतं आणि त्यांवरून ओळी पुन्हा मांडतं. अट एकच: तोवर त्या डिस्कवर काही लिहायचं नाही. घाईघाईत विंडोज पुन्हा टाकणारे इथेच फसतात.

सेक्टरांचे आकडे ३२ बिटांत मावायला हवेत, त्यामुळे २ टीबीपुढची जमीन या उताऱ्यावर चढेना. इंटेलच्या ईएफआयसोबत आलेल्या जीपीटी या नव्या तक्त्यात सहसा १२८ नोंदी, चूक पकडणारा सीआरसी आणि डिस्कच्या टोकाला नक्कल. नकलेचंही दुखणं आहेच: छोटी डिस्क मोठीवर जशीच्या तशी उतरवली की ती नक्कल अधेमधे अडकते, जीडिस्कसारख्या साधनाने ती टोकाला न्यावी लागते.

पहिल्या सेक्टरात मात्र अजूनही जुनीच मांडणी: जुन्या साधनांना डिस्क रिकामी वाटू नये म्हणून ‘ईई’ प्रकारची एक नोंद, आणि शेवटी तेच ५५ एए.