मिंगपासून व्हेडरपर्यंत : अंतराळातल्या खलनायकांच्या नावांचा मागोवा

७ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांच्या रविवारच्या रंगीत पानांवर अ‍ॅलेक्स रेमंडची 'फ्लॅश गॉर्डन' ही चित्रकथा सुरू झाली. एक ग्रह पृथ्वीवर आदळायला निघालाय, तो थोपवण्यासाठी तीन माणसं रॉकेटमध्ये बसतात आणि थेट त्याच ग्रहावर जाऊन पडतात. ग्रहाचं नाव मोंगो. तिथल्या सम्राटाचं नाव मिंग, आणि त्यापुढे बिरुद 'निर्दय'. तुळतुळीत डोकं, ओठांच्या कडांवरून खाली उतरणाऱ्या बारीक मिशा, मानेमागे उभी राहिलेली उंच कॉलर. चित्रातली त्वचा पिवळी.

मिंग हे चीनमधल्या एका राजवंशाचं नाव. १३६८ ते १६४४ एवढा काळ त्याने राज्य केलं. त्या नावाचा अर्थ 'तेजस्वी'. पण अमेरिकी वाचकाला त्या अर्थाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त त्या आवाजातून 'चिनी' एवढं कळायला हवं होतं, आणि ते एका अक्षरात कळत होतं. मोंगो म्हटलं की मंगोल आठवायला हवेत, तेही आठवत होते. वाचक हे सगळं आधीच शिकून आलेला होता. सॅक्स रोमरचा खलनायक डॉ. फू मांचू १९१२-१३ मध्ये इंग्लंडात छापून आला. त्याच्या नावातला मांचू हा मिंगनंतर चीनवर राज्य करणाऱ्या लोकांचा. १९२८ मध्ये फिलिप नोलनने बक रॉजर्सची पहिली कथा लिहिली; तीत भविष्यातली अमेरिका ज्यांनी गिळलीय त्यांना 'हान' म्हटलंय. हान हाही चीनचाच राजवंश आणि तिथल्या बहुसंख्य लोकांचं आजचं नाव. मांचू, हान, मिंग. चीनच्या इतिहासाचं पुस्तक उघडून खलनायकांची बारशी केली जात होती, आणि त्याच काळात चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास मनाई करणारा १८८२चा कायदा अमलात होता. तो रद्द झाला १९४३ मध्ये.

आपल्याकडे फ्लॅश गॉर्डन पोचला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. मिंग राजवंशाचं नावही कानावर न आलेल्या मुलांना तो वाचता आला, कारण चित्र पाहिलं की कोण दुष्ट ते समजत होतं. इथे नाव आणि चेहरा एकाच साच्यातून निघालेले होते. १९८० च्या चित्रपटात मिंगचं काम मॅक्स फॉन सिडो या स्वीडिश नटाने केलं, आणि साचा तसाच राहिला. ४० वर्षांनी ब्रिटनच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने त्या चित्रपटाला वांशिक चित्रणाबद्दलचा इशारा जोडला.

अंतराळकथांच्या वंशावळीत फ्लॅश गॉर्डनचं स्थान मधल्या पिढीचं आहे. त्याच्या मालकांना, म्हणजे किंग फीचर्स सिंडिकेटला, खरं तर एडगर राइस बरोजचा मंगळावरचा नायक जॉन कार्टर हवा होता. बोलणी फिसकटली, म्हणून त्यांनी स्वतःचा नायक बनवून घेतला. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज लुकासला फ्लॅश गॉर्डनवर चित्रपट काढायचा होता. त्याला हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यानेही स्वतःचं जग उभं केलं. तेच 'स्टार वॉर्स'. बरोज आजोबा, फ्लॅश गॉर्डन बाप आणि स्टार वॉर्स नातू असं हे घराणं. नातवाच्या अंगावर आजोबांच्या खुणा दिसतातही. बरोजच्या मंगळावर सरदाराला 'जेड' आणि सम्राटाला 'जेडॅक' म्हणतात. १९१३-१४ मध्ये क्रमशः छापलेल्या 'द वॉरलॉर्ड ऑफ मार्स'मध्ये बैलाएवढी एक विषारी गांधीलमाशी आहे. तिचं नाव 'सिथ'. लुकासच्या कथेत खलनायकांच्या पंथाचं नाव हेच आहे. गंमत म्हणजे १९७७ ते १९८३ या काळातल्या तिन्ही चित्रपटांत हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. तो पटकथेत, पुस्तकात, खेळण्यांच्या खोक्यांवर होता आणि पडद्यावर कानी पडला थेट १९९९ मध्ये.

चीनची भीती ओसरली नाही, पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या शेजारी रशियाची भीती येऊन बसली. फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून' १९६५ मध्ये पुस्तकरूपात आलं. त्यातला खलनायक बॅरन व्लादिमीर हार्कोनन. व्लादिमीर तर उघडच रशियन. हार्कोनन हे आडनाव हर्बर्टला कॅलिफोर्नियातल्या टेलिफोन डिरेक्टरीत सापडलं. ते त्याला सोव्हिएत वळणाचं वाटलं आणि त्याने उचललं. प्रत्यक्षात ते फिनलंडचं आडनाव आहे, हार्कोनेन. फिनलंड म्हणजे १९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजांशी जीव तोडून लढलेला देश. त्याच देशातलं एक साधं घरगुती आडनाव अमेरिकेच्या कल्पनेत सोव्हिएत क्रौर्याची निशाणी होऊन बसलं. ऐकणाऱ्याच्या कानाला परकं लागलं, एवढाच त्याचा अपराध.

याच कादंबरीतल्या नायकाचं घराणं आहे अट्रेडीज, म्हणजे अगामेम्नॉनच्या बापाचे, अट्रियसचे वंशज. नायकाला होमरच्या महाकाव्यातलं कूळ मिळतं आणि खलनायकाला डिरेक्टरीतलं आडनाव, ही वाटणीच बोलकी आहे. फिनिश भाषेत 'हार्का' म्हणजे बैल, आणि अट्रेडीज घराण्याचा म्हातारा सरदार बैलाशी झुंजताना मेलेला. त्या बैलाचं मुंडकं जेवणघराच्या भिंतीवर लटकतंय. पण हर्बर्टने याहून मोठी गोष्ट केली. नायक पॉलला कळतं की आपली आई ही बॅरनचीच मुलगी. ज्याच्या नावाला परदेशी वास दिला, तो नायकाचा सख्खा आजोबा निघतो. खलनायक बाहेरून येतो या समजुतीला इथे पहिला मोठा तडा गेला असं मी मानतो. लोक ड्यूनबद्दल बोलताना वाळू, मसाला आणि महाकाय किडे यांवर थांबतात. या आजोबाकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही.

या प्रवासात एक थांबा आपल्या अगदी जवळचा आहे. 'स्टार ट्रेक' मालिकेत १६ फेब्रुवारी १९६७ रोजी खान नूनियन सिंग पडद्यावर आला. पहिल्या आराखड्यात त्याचं नाव हॅरल्ड एरिक्सन होतं, म्हणजे तो उत्तर युरोपातला गोरा गुन्हेगार होता. लिहिता लिहिता तो उत्तर भारतातला शीख झाला. काम मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबानने केलं. दाढी नाही; आणि शिखाचं पहिलं नाव 'खान'. आपल्याकडचं शाळकरी पोरसुद्धा इथे अडखळेल. त्या काळच्या अमेरिकी लेखकाला मात्र खान ऐकून चंगेज आठवत होता आणि सिंग ऐकून हिंदुस्थान, तेवढं त्याच्या कामाला पुरलं. मधलं 'नूनियन' मात्र जिव्हाळ्यातून आलं. मालिकेचा जनक जीन रॉडनबरी महायुद्धात वैमानिक होता. त्या दिवसांतल्या एका ओळखीच्या माणसाचं ते नाव. पडद्यावर ते दिसेल आणि हरवलेला मित्र संपर्क साधेल, अशी त्याची आशा होती. एकाच नावात भीतीही आहे आणि मैत्रीची हाकही, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

१९७० पासून वारं फिरतं. जॅक कर्बी हा ज्यू चित्रकार १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक म्हणून उतरलेला होता. त्याने डार्कसाइड हा खलनायक घडवला. उच्चार सरळ 'काळी बाजू', पण स्पेलिंग जर्मन वळणाचं. ज्यांच्याशी लढला त्यांची छाया त्या अक्षरांत आहे. मात्र कर्बीचा सहायक मार्क इव्हानियर याने सांगून ठेवलंय की या पात्राच्या स्वभावामागे कर्बीच्या मनात रिचर्ड निक्सन होते. म्हणजे नावाला जर्मन झाक आणि आत आपलाच निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष.

तोच निक्सन लुकासच्याही मनात होता. १९८१ मध्ये स्टार वॉर्सच्या तिसऱ्या चित्रपटाच्या कथेची चर्चा चालू असताना कुणीतरी विचारलं, दुष्ट सम्राट पूर्वी जेडाय, म्हणजे नायकांच्या पंथातला, होता का? लुकासचं उत्तर असं की नाही, तो राजकारणी होता, आणि त्याने नाव घेतलं ते निक्सनचं. सम्राटाचं कथेतलं नाव पॅल्पटीन. ते प्रथम छापलं गेलं १९७६ च्या अखेरीस, चित्रपटाच्या आधी निघालेल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत. तिथे तो सिनेटर आहे, लोकांनी निवडून दिलेला आहे, आणि मग सत्ता मुठीत घेऊन सम्राट होतो. नावात रोमच्या पॅलेटाइन टेकडीचा आवाज आहे. तिथे ऑगस्टसचं घर होतं, आणि राजवाड्यासाठीचा 'पॅलेस' हा शब्द त्याच टेकडीच्या नावातून आला. प्रजासत्ताक मोडून साम्राज्य आणणाऱ्या माणसाला याहून नेमकं नाव मिळणं कठीण. त्याच वर्षी, १९७६ च्या फेब्रुवारीत, मार्टिन स्कॉर्सेसीचा 'टॅक्सी ड्रायव्हर' आला. त्यात मतं मागत फिरणारा सिनेटर आहे, चार्ल्स पॅलंटाइन. त्या चित्रपटाच्या संकलकांत मार्शिया लुकास होती, म्हणजे जॉर्जची तेव्हाची पत्नी. ऑगस्टस आणि मतांसाठी हसणारा उमेदवार, दोघेही त्या नावात ऐकू येतात. खलनायक आता मोंगोवरून येत नव्हता. तो मतपेटीतून येत होता.

आता स्टार वॉर्सचा मुखवटाधारी खलनायक, डार्थ व्हेडर. डच भाषेत 'व्हेडर' असंच लिहिल्या जाणाऱ्या शब्दाचा अर्थ बाप, म्हणून व्हेडर हा नायक ल्यूकचा बाप असल्याचं रहस्य लुकासने पहिल्या दिवसापासून नावातच दडवलं होतं, असं जगभर सांगितलं जातं. २००५ मध्ये खुद्द लुकासने 'रोलिंग स्टोन'ला डार्थ म्हणजे डार्क आणि व्हेडर म्हणजे बाप, असा अर्थ सांगितला. तरीही कागदपत्रं वेगळं बोलतात, आणि मी कागदपत्रांच्या बाजूने आहे.

मे १९७४ च्या कच्च्या खर्ड्यात जनरल डार्थ व्हेडर हा दुय्यम लष्करी अधिकारी आहे. त्याला मुखवटाही नाही. मुखवटा आला पुढच्या वर्षी, चित्रकार राल्फ मॅक्वारीमुळे: पोकळीतून दुसऱ्या यानात शिरायचं तर श्वास कसा घेणार, असा साधा प्रश्न त्याला पडला. नावाबद्दल लुकासने १९७० च्या दशकातल्या मुलाखतीत सांगितलं होतं की ते असंच डोक्यात आलं. आधी 'डार्क वॉटर' होतं, मग डार्थच्या पुढे नाना आडनावं लावून पाहिली. १९७७ चा चित्रपट नीट ऐकलात तर पुरावा तिथेच मिळतो. म्हातारा जेडाय ओबीवान ल्यूकला सांगतो की डार्थ व्हेडर नावाचा माझा एक तरुण शिष्य होता, आणि त्याने तुझ्या बापाला मारलं. पुढे द्वंद्वाच्या वेळी तो समोरच्याला नुसतं 'डार्थ' म्हणतो, आपण जुन्या विद्यार्थ्याला पहिल्या नावाने हाक मारतो तसं. म्हणजे तेव्हा डार्थ हे नाव होतं. ती पदवी पुढे झाली.

फेब्रुवारी १९७८ मध्ये ली ब्रॅकेटने दुसऱ्या चित्रपटाचा पहिला खर्डा दिला. त्यात ल्यूकच्या बापाचं भूत त्याला भेटायला येतं. व्हेडर हा निराळा माणूस आहे. पुढच्याच महिन्यात ब्रॅकेट कर्करोगाने वारली. एप्रिलमध्ये लुकास स्वतः लिहायला बसला, आणि त्या हस्तलिखितात पहिल्यांदा व्हेडर ल्यूकचा बाप झाला. चार वर्षं अर्थावाचून फिरणाऱ्या नावाला त्या पानावर अर्थ मिळाला. कथा आधी, अर्थ मागून. 'दडवलेलं रहस्य' या दंतकथेपेक्षा ही हकिकत मला कितीतरी मोठी वाटते, कारण लेखक लिहिता लिहिता शोधत जातो हे तिच्यात उघड्यावर दिसतं. आणि मिंगपासून सुरू झालेली वाट इथे घरात शिरते. चीन, रशिया, हिंदुस्थान, मग आपला राष्ट्राध्यक्ष, मग बाप.

१९९९ पासूनच्या स्टार वॉर्स चित्रपटांतली नावं या उंचीवर टिकत नाहीत. सिडियस म्हणजे 'इन्सिडियस', अर्थात कपटी, या शब्दाचं डोकं उडवून उरलेलं धड. मॉल म्हणजे फाडून काढणे. टायरॅनस म्हणजे जुलमी. ग्रीव्हस म्हणजे दुःखदायक. न्यूट गनरे या लोभी व्यापाऱ्याच्या नावात अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती न्यूट गिंग्रिच आणि माजी राष्ट्राध्यक्ष रेगन दोघेही अनेकांना ऐकू आले. काउंट डूकूचं नाव पोर्तुगीज कानाला अश्लील लागलं, म्हणून ब्राझीलमध्ये ते बदलावं लागलं. या नावांत निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो. कथेला सांगायला काही उरत नाही. महाभारतकाराला हे ठाऊक होतं. दुर्योधन या नावात निकाल आहे असं आपल्याला वाटतं, पण युधिष्ठिर त्याला सुयोधन म्हणतो. 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये ल्यूकही व्हेडरला त्याचं जुनं नाव, अ‍ॅनाकिन, ऐकवतो, आणि व्हेडर म्हणतो की त्या नावाला आता माझ्यालेखी काही अर्थ नाही. तो खोटं बोलत होता हे पुढच्या तासाभरात दिसतं.

मराठीत मुलांसाठी अंतराळाच्या गोष्टी आता पुन्हा लिहिल्या जातायत, दिवाळी अंकांतही आणि मोबाइलवर ऐकायच्या मालिकांतही. लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. दुष्ट राजासाठी नाव शोधताना शेजारच्या देशाची, दुसऱ्या धर्माची किंवा दुसऱ्या प्रांताची डिरेक्टरी उघडू नका. ते आडनाव लावणारं एखादं मूल तुमची गोष्ट वाचत असेल. कोऱ्या आवाजाचं नाव घ्या, आणि त्याला अर्थ तुमच्या गोष्टीने द्या.