बादशाही शिकारखान्यातला चित्ता

जहांगीर बादशहाचे नाव निघाले की आपल्याला न्यायाची साखळी आणि नूरजहान आठवते. पण हा बादशहा निसर्गाचा चिकित्सक निरीक्षक होता, हे पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितलेले असते. सारस पक्ष्यांच्या एका जोडीची पिले अंड्यातून कशी बाहेर आली, हे त्याने स्वतः पाहून लिहून ठेवले आहे. त्याच्या 'तुझुके जहांगिरी' या आत्मवृत्तात १६१३ च्या सुमाराची एक हकीकत येते. शिकारखान्यातला एक चित्ता गळपट्टा सोडवून मादीजवळ गेला आणि अडीच महिन्यांनी तीन बछडे जन्मले. बादशहाला याचे मोठे नवल वाटले. कारण त्याच्या वडिलांनी, म्हणजे अकबराने, एका वेळी हजार चित्ते जमवून त्यांची वीण व्हावी म्हणून खटपट केली होती, तरी ती साधली नव्हती.

या एका नोंदीत पुढचा सारा इतिहास सामावलेला आहे. बंदिवासात चित्त्याची वीण होत नव्हती, म्हणजे शिकारखान्यातला प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणलेला होता. अकबराने आपल्या कारकिर्दीत एकूण नऊ हजार चित्ते बाळगले असे सांगतात. त्यांना धरण्यासाठी खड्डे खणत. त्यांत पडून जनावराचे पाय मोडू नयेत म्हणून अकबराने खड्ड्यावर आपोआप मिटणारे दार बसविण्याची युक्ती काढली, असे अबुल फजल सांगतो. शिकवण्यासाठी शक्यतो पूर्ण वाढलेलेच चित्ते पकडीत, कारण शिकार करायला बछड्याला त्याची आईच शिकवते. म्हणजे ऐन विणीच्या वयातली जनावरे रानातून जात राहिली. या बादशहांचे प्राण्यांवरचे प्रेम खोटे नव्हते; पण त्या प्रेमानेही रान रिकामे होत होते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मात्र सगळा दोष मोगलांच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. चित्त्याला हवा असतो मोकळा माळ आणि त्यावर चरणारे काळवीट. ब्रिटिश अमदानीत हा माळ दप्तरात पडीक जमीन म्हणून लिहिला गेला आणि नांगराखाली आला. काळवीट बंदुकीला बळी पडले. चित्ता मारून आणणाऱ्यास काही ठिकाणी सरकारी बक्षीसही मिळे. विसाव्या शतकात परिस्थिती अशी आली की, कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांना शिकारीसाठी चित्ते आफ्रिकेतून मागवावे लागले. कोल्हापूरचे चित्तेवान त्यांना शिकवीत. जुने कसब हाताशी होते, पण जनावर परदेशी होते!

१९४७ साली, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी एकाच रात्री तीन नर चित्ते मारले. भारतातले ते अखेरचे चित्ते मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता देशातून नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे इराणकडून चित्ते आणण्याची बोलणी झाली, पण १९७९ च्या क्रांतीनंतर तो विषय मागे पडला. आज आशियाई चित्ता फक्त इराणमध्येच आणि तोही अगदी थोडा उरला आहे.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. हे आफ्रिकी जातीचे. काही मरण पावले, काहींना बछडे झाले. प्रयोग चालू आहे.

जैवविविधता हा शब्द आता परीक्षेत विचारला जातो. त्याचा अर्थ पाहायचा असेल तर आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ पाहावा. तेथे १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, पण तेथेही तो आता क्वचितच दिसतो. मोडलेले माळरान आणि विजेच्या तारा यांनी त्याचा घात केला. राजस्थानात त्याची अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिले वाढवण्याचे काम सुरू आहे. चित्ता आफ्रिकेत शिल्लक होता म्हणून विमानाने आणता आला. माळढोक भारत आणि पाकिस्तान सोडून जगात कोठेही नाही.