भांगेची गोळी आणि आतड्याचं दुखणं

गटांच्या बैठकांतून आमच्याकडे ज्या चिठ्ठ्या येतात, त्यांत या वेळी एक बिननावाची होती. ऑपरेशनमध्ये आतड्याचा तुकडा काढला, त्याला दोन वर्षं झाली. जखम भरली, पण दिवसातून आठ-दहा वेळा संडासला पळावं लागतं, कळा येतात. एसटीत बसायची धास्ती वाटते, म्हणून माहेर सुटलं आणि गटाची बैठकही सुटली. आता कुणी सांगितलंय, भांगेची गोळी घे, पोट बांधून येईल. घेऊ का?

आम्ही डॉक्टर नाही. पण हा सल्ला काल-परवाचा नाही, त्याला कित्येक शतकं झाली. म्हणून आजच्या भाषणात आम्ही त्याचा इतिहास सांगणार आहोत. घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी तो ऐकलेला बरा.

आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात तिचे गुण दिले आहेत: ग्राही म्हणजे पातळ शौच बांधणारी, पाचक, भूक वाढवणारी. आणि त्याच ओळीत मोह आणि मद, म्हणजे डोकं फिरवणारी, हेही लिहून ठेवलं आहे. वैद्यांनी दोन्ही बाजू एकाच जागी मांडल्या, हे आम्हाला विशेष वाटतं. आज सल्ला देणारे पहिली बाजू सांगतात आणि दुसरीकडे गप्प बसतात. जुनाट जुलाबाला वैद्य ग्रहणी म्हणत. त्यावरच्या जातिफलादि चूर्णात जायफळ, लवंग, वेलदोड्यासोबत भांग पडत असे. म्हणजे नुसती भांग वाटून गिळायची, अशी ही पद्धत नव्हती. मोजून, मिसळून, रोग्याकडे बघून द्यायची.

गोव्यात 1563 साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. दोन माणसांच्या गप्पा असं त्याचं रूप आहे, आणि मधूनमधून अंतोनिया नावाची दासी सांगितलेलं झाडपान आणून दाखवते. शहाणपणाच्या गप्पा पुरुषांच्या आणि धावपळ तिची, हे आपल्याला नवं नाही! या पुस्तकात भांगेवर एक प्रकरण आहे. भांग घेतल्यावर कामाचा शीण कळत नाही, मन खूश राहतं आणि खूप खावंसं वाटतं, असं आपल्या नोकरांनी सांगितल्याचं ओर्ता लिहितो.

आता कलकत्त्याला जाऊ, कारण या कथेतला मोठा माणूस तिथं भेटतो. विल्यम ओशॉनेसी हे आयर्लंडचे डॉक्टर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत 1833 साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. इथल्या वैद्य-हकिमांकडून त्यांनी भांग-गांजाची माहिती घेतली, आधी कुत्र्या-मांजरांवर आणि इतर जनावरांवर तपासून पाहिली, मग रोग्यांना दिली. त्यावर 1839 साली त्यांनी लेख वाचला. संधिवात, धनुर्वात, पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस आणि पटकी, म्हणजे कॉलरा, अशी रोग्यांची यादी त्यात आहे. कुत्रं चावलेला माणूस वाचला नाही, पण त्याची तडफड कमी झाली. पटकीच्या काही रोग्यांत उलट्या-जुलाब आवरले. या लेखानंतर गांजाचा अर्क विलायतेतल्या औषधांच्या दुकानांत जाऊन बसला.

पण याच माणसानं हिंदुस्थानात येण्याआधी आणखी एक गोष्ट शोधली होती, आणि आमच्या मते ती भांगेपेक्षा मोठी आहे. इंग्लंडात 1831 साली पटकी आली, तेव्हा तेविशीच्या आतल्या ओशॉनेसींनी रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेले दिसले. जे गेलं ते परत भरा, असं त्यांनी सुचवलं. दुसऱ्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये थॉमस लाट्टा या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या बाईच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. मरणाच्या दारातली बाई अर्ध्या तासात शुद्धीवर आली. डॉक्टर तिला दुसऱ्यावर सोपवून गेले, जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कुणी भरलं नाही आणि ती काही तासांत गेली. पुढे ही रीतच मागे पडली. आज आपण जी सलाईन म्हणतो, ती मार्गी लागायला बरीच वर्षं जावी लागली. तोंडानं द्यायचं मीठ-साखरेचं पाणी तर त्याहून उशिरा आलं. बांगलादेशच्या युद्धात, 1971 साली, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते पिंपांत कालवून वाटलं. पटकीनं जिथं शंभरातली तीसएक माणसं दगावत होती, तिथं हा आकडा चारच्या खाली आला.

म्हणजे एकाच डॉक्टरच्या हातात जुलाबावरच्या दोन गोष्टी होत्या. एकीनं आतडं थोपवलं जात होतं, दुसरीनं अंगातून गेलेलं परत मिळत होतं. गाजली ती पहिली.

पुढे विलायतेत बोंब उठली की हिंदुस्थानातली माणसं गांजानं वेडी होतात. तेव्हा सरकारनं 1893 साली एक आयोग नेमला. त्यानं देशभर 1193 साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं तपासली, तर वेडाचं कारण म्हणून गांजा हा शब्द पुष्कळदा चौकशी न करताच भरलेला निघाला. बेताचं सेवन फारसं अपाय करत नाही, अती सेवन करतं, सरसकट बंदी नको, असा अहवाल 1894 साली आला. भांगेचा जुलाब आणि आव यांवर, आणि गुरांच्या औषधातही वापर होतो, याचीही नोंद त्यात आहे.

एवढं असून डॉक्टरी औषधांतून गांजाचा अर्क मागे का पडला? एका बाटलीचा अर्क जोरदार, दुसरीचा मिळमिळीत. मात्रा कधी जुळेना. पाण्यात विरघळत नाही म्हणून सुईनं देता येईना. अफूचं मात्र तसं झालं नाही. अफूही पोट बांधणारीच. तिच्या वाटेनं शोध घेत 1969 साली लोपेरामाइड तयार झालं. हे औषध आतड्याची घाई कमी करतं, पण नेहमीच्या मात्रेत मेंदूवर चढत नाही. अफूतून नशा वगळून पोटाचा गुण उचलला गेला. भांगेच्या बाबतीत हे अजून साधलेलं नाही, आणि आमच्या मते ताईंच्या प्रश्नातली खरी मेख इथं आहे.

भांग आतड्यात काय करते, ते आता बरंच कळलं आहे. इस्रायलचे राफाएल मेशुलाम यांनी 1964 साली तिच्यातलं नशेचं द्रव्य ओळखून काढलं. ते जिथं जाऊन चिकटतं, त्या जागा मेंदूत आहेत तशा आतड्याच्या मज्जातंतूंतही आहेत. तिथं ते बसलं की आतड्याची हालचाल मंदावते, स्राव कमी होतो. आपलं शरीरही तसंच एक द्रव्य बनवतं. ते 1992 साली सापडलं, तेव्हा त्याला आपल्या आनंद या शब्दावरून आनंदामाइड नाव दिलं गेलं.

क्रॉन्स नावाच्या आजारात आतड्याला सूज आणि व्रण होतात, आणि कित्येकांचं आतडं कापावं लागतं. इस्रायलमध्ये अशा 21 रोग्यांवर आठ आठवडे प्रयोग झाला, तो 2013 साली छापला गेला. खरा गांजा ओढणाऱ्या 11 पैकी 10 जणांचा त्रास बराच कमी झाला. नशा काढून टाकलेला गांजा मिळालेल्या 10 पैकी चौघांचा. पण रक्तात सूज दाखवणारी खूण दोन्हीकडे सारखीच राहिली. बरं वाटलं, आजार आत तसाच होता.

आतडं कापल्यानंतरच्या जुलाबात म्हणूनच आधी कारण शोधावं लागतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर पित्त तिथं शोषलं न जाता मोठ्या आतड्यात उतरतं आणि जुलाब करतं. त्याला पित्त धरून ठेवणारी वेगळी पूड मिळते. त्याच भागात बी-बारा हे जीवनसत्त्व शोषलं जातं. तो भाग गेला तर ते सुईनं घ्यावं लागतं, नाहीतर काही वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. ज्यांचं बरंच आतडं गेलंय, त्यांनी नुसतं पाणी घटाघटा प्यायलं तर जुलाब उलट वाढतात. ओआरएसचं पाणी घोटाघोटानं मानवतं. क्षयाची गाठ पुन्हा धरली असेल तर क्षयाचाच उपचार हवा. भांगेनं या सगळ्यांवर पांघरूण पडतं आणि दिवस मात्र निघून जातात. शिवाय रोज, वर्षानुवर्षं गांजा घेणाऱ्या काहींना न थांबणाऱ्या उलट्या सुरू होतात, गरम पाण्यानं आंघोळ केली तेवढा वेळच बरं वाटतं. हा आजार 2004 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडला.

कायद्याचंही ऐका. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. ते जवळ बाळगणं गुन्हा आहे. एक किलोच्या आतही वर्षभराची कैद होऊ शकते. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, पण आपल्या महाराष्ट्रात दारूबंदीच्या कायद्याखाली भांगेलाही परवाना लागतो. भांग असलेली आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. बाजारात कुणी पुडीत बांधून दिलेली गोळी यात बसत नाही. त्या पुडीत भांग किती आणि दुसरं काय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आतड्याचा कुठला भाग आणि किती काढला, हे ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड सोबत न्या. आठवडाभर किती वेळा जावं लागलं, रात्री उठावं लागलं का, रक्त पडलं का, वजन किती उतरलं, हे वहीच्या पानावर मांडून न्या. संडासाची गोष्ट पुरुष डॉक्टरसमोर तोंडानं काढवत नसेल, तर ते पानच पुढे करा. आणि भांग घेऊन झाली असेल तर तेही सांगा, पुन्हा ऑपरेशन ठरलं असेल तर नक्कीच. भुलीच्या डॉक्टरांना औषधाची मात्रा त्यावरून ठरवावी लागते.