राबाचा धूर आणि हवेचा हिशेब

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यांत, कुंभिवलीसारख्या गांवांच्या शिवारांत, भाताचें रोप तयार करण्यापूर्वीं त्या जागेवर शेण, गवत, पालापाचोळा व तोडलेल्या फांद्या पसरून जाळण्याची चाल फार जुनी आहे. तिलाच राब म्हणतात. सध्यां हवामानाच्या बदलाची व ‘कार्बन क्रेडिट’ची चर्चा चालूं असतां या राबाचा इतिहास आठवणें उपयोगी होईल.

इ. स. १८७८ च्या जंगल-कायद्यानंतर राबासाठीं फांद्या तोडण्यावर निर्बंध आले. जंगल राखणाऱ्यांस राब हा नाश वाटे. शेतकऱ्यास त्यांत तणाचा नायनाट व रोपाचें खत दिसे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या कीं, मुंबई सरकारला १८८५ मध्यें चौकशी-मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ मध्यें आला. पुढें १८९३ मध्यें डॉ. व्होएल्कर यांनीं आपल्या अहवालांत हिंदी शेतकरी सामान्य इंग्रज शेतकऱ्याहून कमी नाहीं, असा स्पष्ट अभिप्राय दिला.

भातशेतीचा हवेशीं दुसरा संबंध त्या काळीं कोणाच्या ध्यानीं नव्हता. खाचरांत पाणी साचलें म्हणजे मातींत प्राणवायु पोंचत नाहीं, आणि तेथील सूक्ष्म जंतु मिथेन वायु निर्माण करितात. शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २८ पट उष्णता धरून ठेवितो.

याच कर्जत तालुक्यांत, नेरळजवळच्या सगुणा बागेंत, श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं ‘सगुणा राइस तंत्र’ सिद्ध केलें. त्यांत नांगरणी, चिखलणी व लावणी वगळलेली आहे. कायमच्या गादीवाफ्यांवर लोखंडी सांच्यानें भोंकें पाडून बीं टोंकतात. कापणीनंतर मुळें उपटीत नाहींत. तीं जमिनींतच कुजून तिचा कस वाढवितात. रोपवाटिकाच नसल्यामुळें राबाचें कारणही उरत नाहीं. जें कायद्याच्या धाकानें साधलें नाहीं, तें शेतकऱ्याच्या सोयीनें साधूं शकतें! अर्थात् येथें तणनाशकाचा प्रश्न आहे. आणि लावणीच्या मजुरीवर ज्यांची चूल पेटते, त्यांचाही आहे.

आतां हिशेबाकडे वळूं. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तितकाच परिणाम करणारा दुसरा वायु, हवेंत जाऊं न देणें अथवा हवेंतून काढून घेणें. १९९७ च्या क्योटो करारानें या व्यापारास जागतिक रूप दिलें. भारत सरकारनें २०२३ मध्यें आपली योजना जाहीर केली. परंतु चार-दोन एकरांच्या धन्याचीं क्रेडिटें तीं किती? त्यासाठीं अनेकांची मोट बांधावी लागते, आणि मोट आली कीं मध्यस्थ आला, मोजणीचा खर्चही आला. मोजणी सैल असली तर सारेंच फुकट जातें. ‘व्हेरा’ या नोंदणी-संस्थेनें २०२४ मध्यें चीनमधील ३७ भातशेती-प्रकल्प नामंजूर केले.

जंगलाचा हिशेब शेतकऱ्यास वगळून मांडला, तेव्हां काय झालें तें आपण पाहिलें. हवेचा हिशेब मांडतांना मापें शेतकऱ्यास समजतील अशीं असावींत, आणि विक्रींतील त्याचा वाटा आधींच ठरलेला असावा. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला न पटणारा हिशेब कागदावर कितीही बिनचूक दिसला, तरी शेतांत तो टिकत नाहीं.